तामलवाडीचा नाका आणि दोन मोटारी

मी भित्रा ड्रायव्हर होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं वाचताना कुणाला शौर्याची वगैरे अपेक्षा राहणार नाही. सगळी हयात चाक हातात धरून काढली, पण एकदाही घाट उतरताना पोटात गोळा आला नाही असं झालं नाही. आमच्या धंद्यात भीती ही हत्यारांच्या पेटीतलीच वस्तू. पाना विसरला तर चालतो, ती विसरून चालत नाही.

परवा नातवानं मोटार घेतली. पांढरी, बंद, चार दरवाजांची, आत थंडगार हवा. मला शेजारी बसवून तुळजापूरच्या घाटातून खाली आणलं आणि विचारतो, "नाना, तुमच्या आप्पांकडं ती दोन माणसांची लाल गाडी होती, आणि नंतर मोठी बंद मोटार आली. चालवायला चांगली कुठली होती?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. घरी गेल्यावर चहा झाला, जेवण झालं, मी काही सांगितलं नाही. मग या दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू.

निजामी राज्याची शेवटची वर्षं. तुळजापुरात आप्पांची आडत होती. आप्पा म्हणजे लिंगायत सावकार, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू. मी लतीफ, त्यांचा ड्रायव्हर आणि मिस्त्रीही. राहायला मोटारीच्या शेडलाच लागून खोली. आईबाप गेलेले, लग्न व्हायचं होतं, तेव्हा माझं सगळं बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक आणि एक कंदील.

लाल गाडी आप्पांच्या मुलानं, मल्लिनाथ अण्णानं, सोलापूरच्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. शर्यतीची गाडी. दोनच माणसं बसायची, तीही खेटून. वर टप नावाला, कापडाचा, पावसात आत जास्त गळायचा आणि बाहेर कमी. रंग उडून विटकरी झाला होता. सेल्फ केव्हाच गेलेला. पुढं हँडल घालून गरगर फिरवायचं, आणि इंजिन तापलेलं असलं की हँडल उलटं फिरून मनगट मोडायला बघायचं. ब्रेक तारेचे. पाय दाबला की गाडी विचार करायची. पण पळायला लागली की मग बघायला नको. आणि आवाज असा, की सिंदफळला गाडी असली तरी आप्पांना दुकानात बसून कळायचं पोरगं येतंय म्हणून.

मल्लूअण्णाला ती गाडी फार लाडकी. त्याच्या शेजारी बसायचं म्हणजे मात्र मला घाम फुटायचा, कारण हा माणूस गाडी चालवताना समोर बघतच नसे. डावीकडं कुणाची ज्वारी कशी आहे, उजवीकडं बांधावर कोण बसलंय, सगळ्यांकडं बघत, हात करत, "काय पावणं, बरं हाय का?" असं ओरडत जायचा. मी म्हणायचो, "अण्णा, रस्ता समोर आहे." तो म्हणायचा, "रस्ता कुठं पळून जातोय लतीफ? माणसं जात्यात."

जर्मनची लढाई संपल्यावर बंद मोटार आली. काळी, अमेरिकी, चार दरवाजे, गादी अशी की बसलं की झोप यावी. बटण दाबलं की सुरू. ब्रेक तेलाचे, नुसता अंगठा टेकवला तरी थांबायची. घरातल्या बायकांनी मागच्या काचांना जांभळे पडदे शिवले. गावानं नवल केलं, पण माझा तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. जुनी गाडी सारखी कण्हायची, त्यामुळं कुठं दुखतंय ते कळायचं. ही गप्प. तेलाचा ब्रेक जातो तेव्हा आधी सांगत नाही, पाय खाली जातो तो जातोच. तेल मिळत नसे म्हणून मी एरंडेलात स्पिरिट मिसळून घालायचो. आमच्याकडं एरंडीला काय तोटा? दर वेळी घाटाच्या तोंडाशी आलो की मी पाय टेकवून खात्री करून घ्यायचो आणि मगच गाडी उतरणीला घालायचो.

घाट उतरला की सोलापूरच्या वाटेवर तामलवाडीचा नाका. त्या काळी इकडं निजामाचं राज्य आणि नाक्यापलीकडं थोड्या अंतरावर गोऱ्यांचं. म्हणून तिथं करोडगिरी, म्हणजे मालावरची जकात. नाक्यावर लिंबाखाली एक खाट, आणि खाटेवर करीमचाचा जमादार. पांढरी दाढी, मेंदी लावून अर्धी लाल. मी पेट्रोलच्या डब्यांसाठी सोलापूरला सारखा जायचो, त्यामुळं घरोबा झालेला. डबे मोजायच्या आधी चहा पाजायचा आणि दर खेपेला एकच प्रश्न, "शादी कब करता रे लतीफ? बुड्ढा होको करता क्या?" त्याच्या मेहुण्याची एक मुलगी होती. ती माझ्या गळ्यात बांधायचा त्याचा डाव होता.

मग ते दिवस आले.

जे त्यातून गेले त्यांना सांगायला नको आणि जे गेले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. मल्लूअण्णा हद्दीपलीकडं गेला आणि तिकडच्या छावणीत निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांत सामील झाला. ही बातमी फुटली. एके दुपारी टोळीतली माणसं आडतीवर आली, पोत्यांवर बसली, पाणी मागून प्यायली आणि त्यांचा म्होरक्या आप्पांना अगदी शांतपणे म्हणाला, "मुलगा येत नसेल तर सूनबाईंना आमच्याकडं पाठवा. मग येईल." मी दारात उभा होतो. ओरडून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

सून म्हणजे गौरावैनी. माझ्याहून दोनचार वर्षांनी लहान, आठवा महिना चालू. तिला पलीकडं सोलापूरला माहेरी पोचवायचं, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आणि पोचवायचं म्हणजे तामलवाडीच्या नाक्यावरूनच, कारण आडरानातल्या वाटेनं त्या अवस्थेतली बाई बैलगाडीत टिकली नसती.

घरात सगळे म्हणाले, बंद मोटार काढ. गादी आहे, पडदे आहेत, आत कोण आहे दिसायचं नाही. मी म्हणालो, "लाल गाडी."

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "लतीफ, डोकं ठिकाणावर हाय का? दोन जिवांची बाई त्या खटाऱ्यात?"

मी त्यांना समजावलं. परंड्याला एका वकिलाची बंद मोटार अशीच वाटेत अडवली होती. माणसं रस्त्यावर उतरवली आणि मोटार घेऊन गेले. चार दरवाजांची मोटार सगळ्यांना हवी असते, तिच्यात आठदहा हत्यारबंद माणसं मावतात. पडदा दिसला की तो उचलून बघायची इच्छा होते. लाल गाडीत दोन माणसं बसतात, हँडल मारून हात मोडतो, ती घेऊन कोण काय करणार? तिच्यात लपवायला जागाच नाही, म्हणून कुणी शोधणार नाही. "वैनी उघड्यावर बसतील," मी म्हणालो, "पण बुरख्यात. माझ्या घरच्या म्हणून."

वैनीच आतून म्हणाल्या, "बुरखा आणा."

बुरखा माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा आणला. सकाळी उन्हं वर आल्यावर निघालो, कारण अंधारात लोक आधी बंदूक चालवतात. घाट सगळा पहिल्या गेअरमध्ये उतरलो, तारेच्या ब्रेकवर भिस्त ठेवली नाही. वैनी दोन्ही हात पोटाखाली धरून बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला मी "या अल्ला" म्हणायचो आणि त्या "शिवशिव" म्हणायच्या. शेवटी मी म्हटलं, "वैनी, नाक्यावर तेवढं शिवशिव म्हणू नका." बुरख्यातून आवाज आला, "बोलणारच न्हाई मी."

नाक्यावर टोळीतली माणसं होती, करोडगिरीचे शिपाई बाजूला बसवलेले. एक मिसरूड फुटलेला पोरगा बंदूक घेऊन आडवा आला. "मशीन बंद कर."

ही एकच गोष्ट मला नको होती. तापलेलं इंजिन बंद केलं की ती गाडी पुन्हा सुरू व्हायला घटका घटका लावायची. पण बंदुकीपुढं काय बोलणार? बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

"कौन है?"

"घरवाली है. पेट से है. सोलापूर के दवाखाने लेको जारूं."

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. वैनींच्या बाजूला येऊन थांबला. "शौहर का नाम क्या?"

वैनी गप्प.

"नाम बोल. तेरे शौहर का नाम."

मला वाटलं, आता संपलं. माझं नाव काही वैनींना ठाऊक नव्हतं असं नाही, रोज हाक मारायच्या. पण ते नवऱ्याचं नाव म्हणून तोंडातून काढणं त्यांच्याच्यानं होणार नाही हे मला त्या क्षणी कळलं. जीव गेला तरी होणार नाही. पोरगा बुरख्याकडं वाकला.

तेवढ्यात लिंबाखालून खाकरल्याचा आवाज आला. करीमचाचा खाटेवरून उठला, वहाणा सरकवल्या आणि सावकाश चालत आला. माझ्याकडं बघितलं. मग बुरख्याकडं. माझं लग्न झालेलं नाही हे सगळ्या मुलखात त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या मेहुण्याची मुलगी तर अजून वाट बघत होती.

"क्या पूछता रे?" चाचा पोराला म्हणाला. "अच्छे घर की औरत मियां का नाम लेती क्या? तेरी अम्मा लेती थी?"

शेजारचे दोघं हसले. पोराचे कान लाल झाले. "जाने दो," तो म्हणाला.

आता जायचं कसं? हँडल घातलं, फिरवलं. ढिम्म. पुन्हा फिरवलं, उलटं फिरून अंगठ्याला लागलं. पोरगा परत बघायला लागला. तेव्हा चाचानंच हुकूम सोडला, "अरे देखते क्या, धक्का मारो. औरत को उतारोगे क्या इस हालत में?" आणि त्या टोळीतल्या दोघांनी बंदुका पाठीला टाकून आमच्या गाडीला धक्का मारला. हलकी गाडी ती, दहा पावलांत पळायला लागली. मी दुसऱ्या गेअरला क्लच सोडला, ती एकदा खोकली आणि धडधडत सुरू झाली. बंद मोटार असती तर चार बैल लागले असते. मागं वळून बघितलं नाही, पण आरशात चाचा दिसला. तो परत खाटेवर जाऊन बसत होता.

हद्द ओलांडल्यावर वैनींनी बुरखा वर केला आणि मोकळ्या वाऱ्यात रडल्या. मीही रडलो, पण मी गॉगल घातला होता.

वैनींना सोलापूरला मुलगा झाला. चाचाला मी पुढं एकदोनदाच भेटलो. त्यानं त्या दिवसाचा विषय काढला नाही. फक्त शादीचं विचारायचं त्यानं बंद केलं.

मग हद्दीपलीकडून फौज आली, निजामाचं राज्य गेलं, टोळ्या पांगल्या. मल्लूअण्णा गुलाल लावून परतला, वैनी बाळ घेऊन आल्या. मला वाटलं, सुटलो. पण आठवडा उलटला नाही तोच खेड्याखेड्यांतून वेगळ्या बातम्या यायला लागल्या. आता माणसं माझ्यासारख्यांची दारं ठोठावत होती. ज्यांनी काही केलं होतं ते केव्हाच पळून गेले होते. सापडत होते ते विणकर, तांबोळी, शिपाई, ड्रायव्हर. बेंबळीकडचा माझा एक मावसभाऊ शेतात सापडला, तो कसा सापडला ते मी इथं लिहिणार नाही.

दुकानाच्या पायरीशी येऊन कुणीतरी आप्पांना म्हणालं, "तुमच्या मिस्त्रीला बाहेर काढा." आप्पांनी मला सरकीच्या पोत्यांमागं ठेवलं. तिथं पडून मी माणसांच्या पावलांचे आवाज ऐकायचो. भीतीला चव असते, तांब्याचं भांडं चाटल्यासारखी. ती मला तिथं कळली.

सोलापुरात माझी बहीण होती, तिथं बंदोबस्तही होता. म्हणजे पुन्हा तामलवाडी. आणि यावेळी लाल गाडी कामाची नव्हती. उघड्या गाडीत माझं तोंड सगळ्यांना दिसलं असतं, आणि त्या गाडीवरचा लतीफ सगळ्या तालुक्याला पाठ होता.

युक्ती वैनींनी काढली. "बंद मोटारीत मालक मागं बसतो आणि ड्रायव्हर पुढं," त्या म्हणाल्या. "आत कोण मालक, हे बघणारा जागेवरूनच ठरवतो."

मल्लूअण्णानं माझा खाकी कोट घातला, माझी टोपी घातली. मला अण्णाचं रेशमी काठाचं धोतर नेसवलं. दाढी मी आधीच काढून टाकली होती. आप्पांनी स्वतःच्या हातानं माझ्या कपाळावर भस्म ओढलं. "बसवण्णा सांभाळंल," ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "तुझा अल्लाबी."

मागच्या गादीवर मी, वैनी आणि वैनींच्या मांडीवर बाळ. पडदे ओढलेले. मी हयातीत पहिल्यांदा मागं बसलो होतो. घाट लागला तेव्हा माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. अण्णाच्या पाठीआड रस्ता दिसेना, पुढं वळण कुठलं ते कळेना. उघड्या गाडीत भीती वाटत होती, पण निदान येतंय काय ते दिसत होतं. इथं पडद्याचा जांभळा उजेड आणि बाळाचा श्वास, बस्स.

गाडी थांबली. "ए ड्रायव्हर, कुठली मोटार रं?"

आयुष्यात कुणी मल्लूअण्णाला 'ए' म्हटलं नव्हतं. "तुळजापूरची," तो म्हणाला. "आप्पा सावकारांची. मालक आत हायेत."

पडदा बाजूला झाला. कुऱ्हाडी, काठ्या, आणि ओळखीचं एकही तोंड नाही. आडबाजूच्या गावांतली माणसं. एक उंच गडी आत वाकला, माझ्याकडं बघत राहिला. "मालक, जरा खाली उतरा."

खाली उतरवून काय बघतात ते मला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

"तापानं फणफणलेत," वैनी म्हणाल्या. "दवाखान्यात न्हेतोय. उतरत न्हाईत."

"मग नाव सांगू द्या त्यांना."

"बोलवत न्हाई त्यांच्यानं."

"मग तुम्ही घ्या नाव," तो गडी म्हणाला. "आपल्यातल्या असाल तर मालकाचं नाव घ्या."

वैनींनी बाळाच्या अंगावरचं पांघरुण नीट केलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग मंगळागौरीला बसल्यासारख्या ताठ झाल्या आणि माझ्याकडं बघून, स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"घाट उतरून आली गाडी, लागलं तामलवाडीचं रान,
मल्लिनाथरावांचं नाव घेते, ठेवा कुंकवाचा मान."

पुढच्या गादीवर माझी टोपी घातलेला मल्लिनाथ चाक धरून बसला होता. त्याची मान मला मागून दिसत होती. ती हलली नाही.

त्या गड्यानं डोळे खाली केले. उखाणा घेतलेल्या बाईला आमच्याकडं कुणी पुन्हा विचारत नाही. "जाऊ द्या रं," तो म्हणाला, आणि पडदा स्वतःच्या हातानं सोडला.

गाडी निघाली. तेव्हा मला आठवलं, लिंबाखालची चाचाची खाट डाव्या हाताला. माझ्याच बाजूला. पडदा नाकापासून वितीवर होता, पण माझा हात उचलेना. वैनींनी माझ्याकडं बघितलं. त्याही तोच विचार करत होत्या हे मला कळलं, पण त्यांच्या हातात बाळ होतं.

सोलापुरात बहिणीच्या दारात उतरलो. कपाळावरचं भस्म पुसलं नाही, अण्णाचं धोतर फेडून परत दिलं. वैनी आत पाणी प्यायला गेल्या. अण्णा माझी टोपी हातात घेऊन मोटारीला टेकून उभा होता.

मी विचारलं, "अण्णा, नाक्यावर खाट दिसली का?"

"दिसली."

"आणि चाचा?"

अण्णानं रुमाल काढला आणि पुढची काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

"मी समोर बघत होतो, लतीफ," तो म्हणाला.